निजलेल्या माणसाच्या उंचीची खिडकी

लुद्विनाने घर बांधायचं मनावर घेतलं ते दाढीच्या आरशामुळे.

त्या दिवशी ती कारखान्यातून लवकर परतली होती. पोलंडमधल्या नोवी तार्ग शहरात बुटांच्या कारखान्यात ती चामडं कापायची. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली, बोटांना चामड्याचा वास कायमचा चिकटला. दार उघडून आत आली तर तिचा धाकटा भाऊ शिमेक पलंगावर उताणा पडलेला, एक हात खिडकीकडे ताणलेला आणि त्या हातात आरसा. आरसा जरा इकडे वळव, जरा तिकडे कलव, असं चाललं होतं. तिची चाहूल लागताच त्याने तो पांघरुणाखाली सरकवला.

"काय बघत होतास रे?"

"माझं थोबाड. दुसरं काय आहे इथं बघण्यासारखं?"

तिने कोट खुंटीला लावला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागल्यावर तिने हळूच तो आरसा उचलला, पलंगाशी गुडघे टेकले, डोकं त्याच्या उशीजवळ नेलं आणि त्याने धरला होता तसाच आरसा धरला. आधी समोरच्या इमारतीचा सज्जा दिसला, त्यावर वाळत घातलेले लेंगे दिसले. मग मनगट जरासं वळलं आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीत, बोटाएवढी, पांढरी रेघ दिसली.

सिवा.

सिवा म्हणजे त्यांच्या ग्रोनी गावावरचा डोंगर. नावाचा अर्थ पिकल्या केसांची. भर उन्हाळ्यातही तिच्या माथ्यावर बर्फाची एक बट राहते, म्हणून ते नाव. शिमेक त्या डोंगरावरचा धनगर होता, साधासुधा नव्हे, सगळ्या कळपांचा मुख्य. वसंतात मेंढ्या घेऊन वर चढायचा तो शरदात उतरायचा. त्याने पलीकडच्या उतारावरच्या कुत्र्याला हाक मारली की खाली चर्चमध्ये पाद्री प्रवचन थांबवायचे, असं गावात चेष्टेने म्हणत. मग एका शरदात, जंगलातल्या त्याच्या झोपडीवर कलंडलेला एक अर्धमेला स्प्रूस पाडायला तो गेला. झाड पडता पडता बुंध्यावर फिरलं आणि भलत्याच अंगाला आलं. शिमेकचा जीव वाचला. कमरेखालचा देह मात्र गेला. पाठही अशी दुखावली की चाकाच्या खुर्चीत घटकाभर बसला तरी घामाने निथळायचा. लुद्विनाने त्याला आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर आणलं. दोन तगड्या माणसांनी उचलून आणला होता तो, त्यानंतर जिना उतरला तो फक्त इस्पितळात जायला.

सिवाचं नाव त्याने कधी काढलं नाही. लुद्विनाला वाटायचं, विसरला असेल, बरंच झालं. आणि हा पठ्ठ्या रोज आरशातून चोरून बघत होता.

निवृत्त व्हायला तिला थोडेच महिने उरले होते. ग्रोनीतलं वडिलांचं घर थोरल्या भावाच्या वाटणीला गेलं होतं. त्याने ते कधीच विकून शिकागो गाठलं. या दोघांच्या वाटणीला आलं होतं ते गावावरचं कुरण, घळीच्या पलीकडचं, सिवाच्या अगदी पुढ्यातलं. त्यावर गवत साठवायच्या एका कोठाराशिवाय काही नव्हतं.

"मी कुरणावर घर बांधतेय," एके दिवशी त्याचं अंग पुसता पुसता ती म्हणाली.

शिमेक हसला. "डोकं फिरलं का ताई तुझं? तिथं रस्ता नाही, विजेचा खांब नाही. मला काय गवताच्या गंजीसारखं रचून ठेवणार आहेस?"

"हो. आणि अशीच बडबड केलीस तर वरून ताडपत्री टाकीन."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. ती पाण्याचं घमेलं उचलून निघाली तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"खिडकी कुठल्या बाजूला ठेवणार?"

*

ग्रोनीत घरं बांधावीत तर कास्पर मिस्त्रींनीच. माणूस काटकुळा, पुढचे दात गेलेले, कानावर पेन्सिल इतकी जुनी की ती कानातूनच उगवलीय असं वाटावं. नोकरी संपली तशी लुद्विना शरदाच्या अखेरीस त्यांच्या अंगणात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"वसंतात सुरुवात करू म्हणते मी," ती म्हणाली.

"वसंतात? बाई, उन्हाळ्यात तुमच्या त्या घळीतून शेळी जायची मारामार. ओंडके काय खांद्यावरून नेणार? बर्फाने घळ काठोकाठ भरते तेव्हाच घोडे पलीकडे जातात. आणि लाकूडही हिवाळ्यातच तोडलेलं चांगलं. झाड झोपलेलं असतं, रस मुळाशी गेलेला असतो. तुमचं घर होईल तर हिवाळ्यातच होईल, नाहीतर व्हायचं नाही."

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. होनोराता नावाची तिची बालमैत्रीण होती, जिभेने तिखट. ती भेटल्या भेटल्या म्हणाली, "म्हातारपणी माणसं डोंगरावरून खाली येतात गं. तू उलटी चाललीस? वर तू मेलीस तर ते कळायलासुद्धा आम्हाला वसंत उजाडावा लागेल."

"कळेल की. शिमेक ओरडून सांगेल."

होनोराता हसली खरी, पण तिने एक काम केलं. तिची मुलगी शहरात लुद्विनाच्याच इमारतीत राहायची. घर पुरं होईपर्यंत मुलीने शिमेककडे बघायचं, असं होनोराताने परस्पर ठरवून टाकलं.

पहिला जोरदार बर्फ पडून घट्ट बसला तशी मंडळी कुरणावर गेली. कास्पर मिस्त्री, त्यांचे दोन सुतार आणि घोडेवाला ब्लाझेय. जागा साफ केली, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली.

"मोठी खिडकी किती उंचीवर घेऊ?"

"निजलेल्या माणसाच्या."

"म्हणजे किती?"

लुद्विनाला आकडा सांगता येईना. पलंगाची उंची तिने मोजून आणली होती; पण पलंगावर पडलेल्या माणसाला डोंगर कुठून कुठवर दिसतो, ते कुठल्या फितीने मोजणार? मग तिने कोठारातून गवताची पोती ओढत आणली, शिमेकचा पलंग जिथं येणार तिथं ती पलंगाएवढी रचली, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि सरळ वर चढून आडवी झाली.

सुतारांना हसू आवरेना. ब्लाझेय म्हणाला, "मावशी, घर मोजताय का कबर?"

"तुझ्यापेक्षा तुझ्या घोड्याला अक्कल जास्त, ब्लाझेय. गप उभा राहा."

आणि मग तिने समोर पाहिलं.

ती याच डोंगराखाली जन्मली होती. उभी राहून, चालताना, गवत कापताना, शाळेत जाता येता तिने सिवा पाहिली होती. पण असं पडून कधी पाहिली नव्हती. उभ्या माणसासमोर डोंगर उभा असतो, तेवढंच. आडव्या माणसावर तो येतो. कुरणाच्या टोकाला जुन्या स्प्रूसचं काळं जंगल होतं, आणि त्या जंगलाच्या शेंड्यांवरून सिवा अशी वर गेली होती की तिचा शेवट बघायला डोळे कपाळात न्यावे लागत होते. माथ्यावरून बर्फाची धूळ उडत होती. आवाज मात्र कसलाच नव्हता. लुद्विनाला वाटलं, आपण श्वास घेतला तर ती ऐकेल. ही एवढी होती? आणि आपण हिच्याखाली आयुष्यभर बटाटे सोलले?

"बाई," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले, "फळी धरू का?"

दोघांनी तिच्या पायांशी एक फळी आडवी धरली. ती म्हणाली, "खाली घ्या. अजून खाली. जंगलाचा पाय दिसू दे. हां. आता दुसरी फळी वर. अजून वर. अजून." वरची फळी धरणाऱ्याचे हात डोक्याच्या वर गेले तेव्हा ती थांबा म्हणाली.

ती उतरल्यावर मिस्त्रींनी टोपी काढली आणि ते स्वतः पोत्यांवर आडवे झाले. बराच वेळ उठले नाहीत. मग एक सुतार, मग दुसरा, आणि शेवटी ब्लाझेयही लोळून आला. उठला तेव्हा त्याच्या पाठीला बर्फ चिकटलेला होता, आणि तो झटकायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"एवढं मोठं भोक?" मिस्त्री खुंटीपाशी उकिडवे बसून म्हणाले. "खाली एकच ओंडका उरतोय, बाई. आणि ही बाजू दक्षिणेची. हाल्नी इथूनच येतो."

हाल्नी म्हणजे त्या डोंगरावरून कोसळणारा गरम वारा. तो आला की गावातली कुत्री जेवत नाहीत आणि माणसं उगाच भांडतात.

"मग? होणार नाही का?"

"होणार नाही असं कुठं म्हटलं मी? दोन्ही बाजूंना उभे खांब घेऊ, आख्ख्या झाडाचे. ओंडक्यांची टोकं त्यांच्या खाचेत बसवू. बाकी देव बघेल."

*

घर वर येऊ लागलं. ब्लाझेयचे दोन घोडे खालून बर्फगाडीवर ओंडके ओढत आणत. घळ भरून पांढरीशुभ्र झालेली, तिच्या पोटात ओढा कुठे आहे याचा पत्ताही लागत नव्हता. घोड्यांच्या नाकपुड्यांभोवती बर्फाच्या मिशा फुटायच्या. पहिले ओंडके बसवले तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यांखाली मरियमच्या सणाला मंतरून आणलेली रानफुलं ठेवली. एकेक ओंडका उभा चिरलेला, माणसाच्या मिठीत न मावणारा. त्याची टोकं अशी तासायची की एकमेकांत अडकल्यावर चाकूचं पातंही आत शिरू नये. कुऱ्हाडीचा घाव गोठलेल्या लाकडावर पडला की घंटा वाजावी तसा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने तोच आवाज सिवाकडून परत यायचा.

लुद्विना कोठारात राहायची. सकाळी चूल पेटवून आंबवलेल्या कोबीचं सार टाकायची, तव्यावर बटाट्याच्या भाकऱ्या भाजायची. दिवसभर लाकडाच्या शेवेसारख्या बारीक कातऱ्या घेऊन त्यांच्या वेण्या वळायची. या वेण्या ओंडक्यांच्या मधल्या फटींत ठोकून बसवायच्या, म्हणजे वारा आत येत नाही. चामडं कापणारी बोटं होती, लवकर शिकली. दर रविवारी खाली उतरून बसने शहरात जायची, शिमेकला न्हाऊ घालायची. तो काही न विचारल्यासारखं करून सगळं विचारायचा.

"कोपरा कसा बसवलाय? म्हातारा कास्पर अजून डावखुरा घाव घालतो का? दार किती रुंद?"

"तुझा पलंग आडवा जाईल एवढं."

"काय सांगतेस! तेवढ्यातून तर गाय जाते."

"गाईपेक्षा तुझा त्रास जास्त आहे."

फेब्रुवारीत मधली तुळई चढली. घराचं सगळं छप्पर जिच्यावर तोललं जातं ती तुळई. मिस्त्रींनी तिच्यावर सहा पाकळ्यांचं फूल कोरलं, खाली बांधल्याचं साल, आणि दोघा बहीणभावांची नावं. भिंती पुऱ्या झाल्या होत्या. वासे, लाकडी कौलं, काचा आणि दार अजून खाली गावात मिस्त्रींच्या अंगणात पडून होतं. आठवडाभराचं काम, असं सगळे म्हणत होते.

त्या दिवशी सकाळी ऊब जाणवली. कुणाला ती आवडली नाही. ब्लाझेयचे घोडे घळीच्या तोंडाशी अडून बसले, काही केल्या पुढे येईनात. मिस्त्रींनी वर पाहिलं. सिवाच्या मागून, कड्याच्या काठावर, ढगाची एक सरळ भिंत उभी राहिली होती, तासून काढल्यासारखी. आकाश मात्र निळं, स्वच्छ.

"ब्लाझेय, घोडे घेऊन खाली जा. आत्ताच्या आत्ता," मिस्त्री म्हणाले. "आपण इथंच, घळ ओलांडेपर्यंत हाल्नी गाठेल. कोठारात नको, ते उडेल. घरात चला."

"छप्पर नाही घराला!" लुद्विना म्हणाली.

"म्हणूनच. उडायला काही नाहीच त्याच्याकडे."

मोठ्या खोलीच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, स्वयंपाकाची लहान खोली होती. चौघं तिच्या भिंतीला पाठ लावून बसले. आधी दूरवर गुरगुर ऐकू आली, भरलेली मालगाडी येतेय तशी. मग ती गाडी अंगावरून गेली.

पुढचं सांगताना लुद्विनाला आजही शब्द सापडत नाहीत. खिडकीच्या त्या मोठ्या भोकातून वारा नदीसारखा आत घुसत होता आणि उघड्या माथ्यातून बाहेर पडत होता. कोठाराचं छप्पर एका क्षणी होतं, दुसऱ्या क्षणी आकाशात गरगरत होतं. कुणी बोललं तर ओठ हललेले दिसत, आवाज नाही. मिस्त्री रांगत मोठ्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मागे वळून त्यांनी लुद्विनाला बोलावलं. तीही रांगत गेली. तिने हात ठेवला. ओंडका थरथरत होता. चढ चढून आलेल्या घोड्याची बरगडी थरथरते, तसा. जिवंत. तिला वाटलं, आता सुटेल, आता खांबाच्या खाचेतून निसटेल. पण प्रत्येक लाटेबरोबर ओंडके एकमेकांवर जास्तच दाबले जात होते. कोपऱ्यातून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि भिंत आणखी घट्ट व्हायची.

मिस्त्री तिच्या कानाला तोंड लावून ओरडले, "घर खाली बसतंय! बसू दे त्याला!"

आणि तेव्हाच तिने खिडकीच्या भोकातून जंगल पाहिलं. कुरणाच्या टोकाचं ते काळं जंगल, तिच्या आजोबांच्याही आजोबांच्या वेळचं. एका कोपऱ्याला ते वाकलं. कुणीतरी गवतावरून हात फिरवावा आणि गवत झोपावं, तसं ते आडवं होत गेलं. रांगच्या रांग. मुळांसकट उपटलेली झाडं माती उडवत पडत होती आणि त्यांचा आवाजही त्या वाऱ्यात ऐकू येत नव्हता. लुद्विनाने छातीवर क्रूस काढला. भीती वाटत होती का? वाटत होतीच. पण तिला नजर हलवता येत नव्हती. एवढी ताकद या जगात आहे, आणि आपण हाताच्या अंतरावर बसून ती बघतोय, आणि अजून जिवंत आहोत, हे तिच्या डोक्यात मावेना.

*

वारा पडला आणि पाठोपाठ पाऊस आला, मग ओला बर्फ, मग दाट धुकं. घराच्या चारी भिंती जागच्या जागी होत्या. मिस्त्री कोपऱ्याकोपऱ्यातून ओळंबा लावत फिरले आणि त्यांनी तुळईला दोन थापट्या मारल्या.

पण घळ गेली होती. गरम वाऱ्याने आणि पावसाने तिच्यातला बर्फ खचला, मधोमध ओढा उघडा पडून खळाळत होता. ब्लाझेय काठावर उभा राहून म्हणाला, "मावशी, आता घोडे नाहीत येणार. या वर्षी तर नाहीच."

वासे, कौलं, काचा, दार, चुलीच्या फरशा, सगळं पलीकडे. आणि छपराशिवाय भिंती वसंतातल्या पावसात भिजल्या तर ओंडके काळे पडणार. लुद्विना त्या संध्याकाळी गावात होनोराताच्या स्वयंपाकघरात बसली आणि पहिल्यांदाच रडली. भावासाठी रडली, जंगलासाठी रडली. "त्याला मी जंगल दाखवणार होते गं. आता काय दाखवू? मोडलेली हाडं?"

होनोराताने तिच्यापुढे चहा ठेवला. "रडून झालं की तोंड धू. उद्या रविवार आहे."

रविवारी प्रार्थना संपली तशी होनोराता चर्चच्या दारात आडवी उभी राहिली. "कुठं निघालात? जेवायला? वर लुद्विनाचं घर उघडं आणि मिस्त्रींच्या अंगणात छप्पर पडलंय, ते उचला आधी!"

माणसं हसली, कुरकुरली, आणि सणाच्या कपड्यांतच निघाली. घळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, ओढ्याच्या दगडांवर, चिखलात, माणसांची ओळ लागली. लाकडी कौलं हातोहात वर जाऊ लागली. वासे चौघाचौघांनी खांद्यावर घेतले. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोघे शेजारी त्या ओळीत शेजारीच आले आणि "धर", "धरलं" एवढंच का होईना, बोलले. लुद्विना वरच्या काठावर उभी राहून बघत होती. वाऱ्याने तिला जसं खिळवलं होतं तसंच या ओळीने खिळवलं. तिला कुणाचे आभार मानावेत ते सुचेना, म्हणून ती प्रत्येकाला सार वाढत सुटली.

छपराचे शेवटचे वासे बसत होते तेव्हा धुकं विरळ होऊ लागलं. मिस्त्री वर होते. त्यांनी हिरव्या स्प्रूसचा शेंडा छपराच्या टोकाला बांधला, शेवटचा वासा चढला की बांधतात तसा, आणि हातोडी उचलली. ती खाली आलीच नाही. खालच्या सुताराने विचारलं, "काय झालं मिस्त्री?" मग त्यानेही वळून पाहिलं. ठोकाठोकी एकेक करून थांबली.

धुकं वर सरकत होतं, आणि जंगल नव्हतं. जिथं जंगल होतं तिथे आडव्या खोडांचा उतार होता, आणि त्या उतारामागे सिवाचे पाय दिसत होते. ग्रोनीतल्या कुणीही कुरणावरून ते कधी पाहिले नव्हते. खडकांची राखाडी बोटं जमिनीत रुतलेली, त्यांच्यावर घोटे, त्यांच्यावर बर्फाचे पदर, कडे, आणि पार वर, धुक्याच्याही वर, तो पांढरा माथा. इतके दिवस सगळ्यांनी फक्त तिचं डोकं पाहिलं होतं. आता ती आख्खी उभी होती.

मिस्त्रींनी टोपी काढून मुठीत धरली. "आई गं," एवढंच म्हणाले.

*

"मे महिन्यात वाट कोरडी झाली की नेईन तुला," लुद्विनाने शिमेकला सांगितलं.

"मे? तोवर मी मेलो तर? कौलं जशी नेली तसा मला न्या. मी काय कौलांपेक्षा नाजूक आहे?"

शेवटी त्याचंच खरं झालं. दार अजून खालीच होतं, ते रुंद, पलंग जाईल एवढं. मिस्त्री म्हणाले, "दार आणि माणूस एका खेपेत नेऊ." दारावर मेंढीची कातडी अंथरली, शिमेकला वर झोपवला, पट्ट्यांनी बांधला आणि सहा जणांनी उचलला. तो सगळी घळ कळप हाकल्यासारखा ओरडत आला.

"ब्लाझेय, डावीकडे! डावा म्हणजे ज्या हाताने पितोस तो! अरे पाण्यात बुडवतोस का मला? कास्परकाका, तुमच्या दाराला तडा गेला तर माझा दोष नाही!"

"तू तोंड मिटलंस तर दाराचं वजन निम्मं होईल," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

घळ संपून कुरण लागलं आणि शिमेकचं तोंड एकदम मिटलं. त्याला तसाच आत नेला, पलंगावर ठेवला. माणसं दाराशी रेंगाळली, मग होनोराताने त्यांना खुणेने बाहेर काढलं.

लुद्विना उशाशी उभी राहिली. तिला वाटलं, तो डोंगराबद्दल काहीतरी बोलेल. पण त्याची नजर खाली होती, आडव्या पडलेल्या जंगलावर. तो तिथं काहीतरी शोधत होता, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे.

"ताई, झोपडी कुठं होती?"

"गेली. तीही गेली."

"आणि ते झाड पडलं ती जागा?"

"तुला ओळखू येत नाही?"

"नाही." त्याची नजर अजून खोडांवरून फिरत होती. "इतकी वर्षं मी त्या एका झाडाला शिव्या घालत होतो. आता यातलं ते कुठलं समजू?"

मग त्याने नजर वर नेली. हळूहळू, थांबत थांबत, जसा तो तरुणपणी चढायचा तशी. पायांवरून, कड्यांवरून, बर्फावरून. ऊन उतरत होतं. सिवाच्या पायांपासून गुलाबी रंग वर चढू लागला, वर, आणखी वर, आणि माथ्यावर जाऊन पेटला. शिमेकचे ओठ उघडे होते. लुद्विना काहीतरी म्हणणार तोच त्याने न बघताच हात लांब करून तिचं मनगट धरलं. बाहेर अंगणात माणसं होती. त्यांचीही तोंडं डोंगराकडे होती. चुलीवरचं सार उतू गेलं तरी दोघं हलली नाहीत.

त्या घरात शिमेक पुष्कळ वर्षं जगला. गावातले नवे धनगर वसंतात मेंढ्या वर नेताना त्याच्या खिडकीखाली थांबायचे, धुरावलेलं चीज त्याला चाखायला द्यायचे, आणि तो हमखास त्यांना नावं ठेवायचा. त्याचा आवाज पुन्हा डोंगरापलीकडे जाऊ लागला. कुणाचं कुत्रं चुकलं तर लोक सरळ त्याच्याकडे यायचे. पडलेल्या खोडांमधून आधी रानरास्पबेरी उगवली, मग लाल फळांची झाडं, मग कोवळे स्प्रूस. त्यातले काही आता माणसाच्या डोक्यावर गेलेत. शिमेक गेला तो झोपेतच, बर्फ पडत असताना.

लुद्विना अजून तिथेच राहते. गावातून कुणी ना कुणी वर येत असतं, मीठ, पीठ, बातम्या घेऊन. मागे एकदा होनोराताची नात आली होती, शहरात वाढलेली. खिडकीशी उभी राहून ती बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आजी, एकटीला भीती नाही वाटत हिची?"

"वाटते की," लुद्विना म्हणाली. "रोज सकाळी डोळे उघडले की वाटते. मग मी उठते, तिच्याकडे बघत बघत कोबी चिरते. तू उभी काय राहिलीस? घे सुरी. कांदे सोल."